वकिलीची पदवी मिळाली, पुढे कोणाच्या हाताखाली?

बारावीचा निकाल लागला की देहूरोडच्या घराघरांत एकच विषय असतो. कोणाचे अब्बा डेपोत, कोणाचे ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणाचे चाकण-तळेगावच्या कंपनीत कंत्राटावर. मुलांसाठी आयटीआय, डिप्लोमा, फार्मसी, नर्सिंग ही नावे ठरलेली. गेल्या काही वर्षांत त्यांत ‘लॉ’ची भर पडली आहे आणि ती मागणी मुलांपेक्षा मुलींकडून जास्त येते, असा आम्हां शिक्षकांचा अनुभव आहे.

पालक आमच्याकडे येतात ते प्रवेशाची चौकशी करायला. सीईटी कधी, फी किती, कॉलेज कोणते? या प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. अवघड प्रश्न पाच वर्षांनी येतो आणि तो कोणी आधी विचारत नाही. पदवी हातात आल्यावर या मुलीला आपल्या ऑफिसात बसवून काम शिकवणार कोण? डॉक्टर वॉर्डात घडतो, तसा वकील ज्येष्ठाच्या हाताखाली घडतो. ते ठिकाण मिळाले नाही, म्हणून सनद कपाटात ठेवून शिकवण्या घेणाऱ्या मुली आमच्या पाहण्यात आहेत.

थोरला भाऊ सॉलिसिटर होता

बद्रुद्दीन तय्यबजी हे नाव आपल्याला ठाऊक असते. 1867 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयातले पहिले भारतीय बॅरिस्टर झाले, 1895 मध्ये न्यायमूर्ती झाले. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. ते पहिले भारतीय सॉलिसिटर. त्या काळी मुंबईत पद्धत अशी होती की पक्षकार सॉलिसिटरकडे जायचा, सॉलिसिटर कागद तयार करायचा आणि कोर्टात उभे राहण्यासाठी बॅरिस्टर नेमायचा. म्हणजे बॅरिस्टरच्या हाती काम सॉलिसिटरकडून यायचे. घरातच सॉलिसिटर असणे ही केवढी सोय होती, हे यावरून कळते.

ज्यांच्याजवळ असा आधार नव्हता त्यांचे हाल झाले. बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना, म्हणून 30 रुपये फी परत करून आले. पुढे 1893 मध्ये दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्याच्या पेढीने त्यांना दक्षिण आफ्रिकेत नेले. तिथे पेढीच्या हिशेबाचे कागद वाचता वाचता ते वकिली शिकले. ज्ञान होतेच, शिकायला जागा हवी होती.

आजचा सॉलिसिटर

1976 च्या कायदा दुरुस्तीने ही दुहेरी पद्धत संपली. आता कायद्याने सगळे ‘अधिवक्ता’. तरी मुंबईत सॉलिसिटर ही पात्रता टिकून आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी तिची परीक्षा घेते. त्यासाठी एखाद्या सॉलिसिटरकडे तीन वर्षे ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणून काम करावे लागते. सीए होणारी मुले आर्टिकलशिप करतात, तसाच हा प्रकार. परीक्षा कठीण आहे, पण मालमत्तेचे दस्त आणि कंपन्यांचे करार करणाऱ्या जुन्या पेढ्यांत या पात्रतेला आजही मान आहे. इंग्लंडमध्येही सॉलिसिटर होण्यासाठी परीक्षेसोबत दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच. नुसत्या पुस्तकावर हा धंदा कुठेच चालत नाही.

दार कॉलेजात असतानाच उघडते

मोठ्या लॉ फर्म नव्या मुलांची निवड बहुतेक करून इंटर्नशिपमधून करतात. चार आठवडे काम पाहायचे, पसंत पडले तर पुन्हा बोलवायचे, मग नोकरी. म्हणून पदवीनंतर अर्ज करू, हा विचार उशिराचा आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. पुष्कळ मुले ओळखीच्या वकिलाकडून नुसते प्रमाणपत्र आणतात. श्रीमंत घरच्या मुलाला ते परवडते. आपल्या मुलांसाठी हेच आठवडे ओळख कमावण्याचे आहेत, ते कागदावर घालवू नयेत.

आमच्या मते क्रम असा असावा. पहिल्या वर्षी जवळचे कोर्ट. वडगाव मावळ आहे, पिंपरी आहे. लोकलने शिवाजीनगरला उतरले की जिल्हा न्यायालय पायी गाठता येते. तारीख कशी पडते, वकालतनामा कसा भरतात, रोजनामा काय असतो, हे तिथे कळते. दुसऱ्या वर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा कामगार कायद्याचे काम करणारा वकील. आपल्या पट्ट्यात कारखाने आहेत, तिथे कामगारांचे दावे आहेतच. तिसऱ्या वर्षापासून कंपनीचा लीगल विभाग आणि पुण्या-मुंबईतल्या फर्म.

अर्जात काय असावे

मुलांचे अर्ज आम्ही वाचून देतो, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

बायोडाटा एका पानाचा, फार तर दोन. वडिलांचे नाव, धर्म, वजन-उंची याची गरज नाही. केलेले काम स्पष्ट लिहावे. ‘इंटर्नशिप केली’ याने काही कळत नाही. ‘भाडेकराराचे मसुदे तपासले, सातबारा व फेरफार वाचून मालकीची टिपणे काढली’ असे लिहिले की वाचणाऱ्याला काम दिसते.

सोबतचे पत्र प्रत्येक फर्मसाठी वेगळे हवे. ती फर्म जमिनीचे काम करते की बँकांचे, हे आधी पाहावे आणि आपल्याला तेच का शिकायचे आहे ते तीन-चार वाक्यांत लिहावे. एकच पत्र पन्नास ठिकाणी पाठवले तर ते लगेच ओळखू येते.

इंग्रजीचे भय खरे आहे, कारण फर्मचे काम इंग्रजीत चालते. त्यावर उपाय रोजचा आहे. उच्च न्यायालयाचा एक निकाल वाचायचा आणि त्याचा सार अर्ध्या पानात लिहायचा. वर्षभरात फरक पडतो. पण मराठी-उर्दू येते हे लपवू नये. जुने दस्त, सातबारे, निकाहनामे, वक्फचे कागद वाचता येणारा ज्युनियर प्रत्येक फर्मकडे असतोच असे नाही. बायोडाटात ते वरच्या बाजूला लिहावे.

दहा अर्ज गेले तर नऊंना उत्तर येत नाही. हा अपमान समजू नये. दोन आठवड्यांनी एक नम्र आठवण पाठवावी आणि पुढे चालावे.

पैशाचे गणित

खरी अडचण इथे आहे. ज्येष्ठ वकिलाकडे पहिली वर्षे हातात फार थोडे पडते, कुठे कुठे काहीच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असे सुचवले. पण ती सूचना आहे, सक्ती नाही. मुंबईच्या फर्ममध्ये पगार बरा असतो, मात्र देहूरोडहून रोज फोर्टला जाणे-येणे होत नाही, राहण्याचा खर्च धरावा लागतो.

काही गोष्टी मात्र हलक्या झाल्या आहेत. 30 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सनदेसाठी कायद्यात ठरलेल्या 750 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी ते 125 रुपये आहे. पूर्वी राज्याराज्यांत यासाठी हजारो रुपये द्यावे लागत. तसेच जुलै 2024 च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्यातील बागवान, अत्तार, मोमीन, तांबोळी, पिंजारी ही घरे ओबीसीत येतात. दाखले मे महिन्यात धावपळ करून मिळत नाहीत, अकरावीतच काढून ठेवावेत.

फर्म मिळाली नाही तरी मार्ग संपत नाही. विधी सेवा प्राधिकरणांच्या बचाव पक्षाच्या वकील योजनेत नव्या वकिलांनाही मानधनावर घेतात. कंपन्यांना करार आणि कामगार कायदा जाणणारी माणसे लागतात. दिवाणी न्यायाधीशाची परीक्षाही आहे.

घराने काय द्यावे

न्यायमूर्ती फातिमा बीवी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. त्यांना विज्ञान शिकायचे होते, कायद्याकडे वळवले ते सरकारी नोकरी करणाऱ्या वडिलांनी. 1950 मध्ये केरळात त्या वकील झाल्या, तेव्हा कोर्टात मुस्लिम मुलगी दिसणे ही नवलाईच होती. त्यांच्या वडिलांनी तेव्हा लोक काय म्हणतील हे पाहिले नाही.

आमचे पालकांना एवढेच सांगणे आहे की कायद्याचे शिक्षण पाच वर्षांचे नव्हे, आठ वर्षांचे धरून चला. पदवीनंतरची तीन वर्षे हीसुद्धा तालीमच आहे. त्या काळात ‘शिकली पण कमावत नाही’ असे मुलीला ऐकवू नका. रिश्त्याची बोलणी आली तर कामाची अट आधी मांडा. संध्याकाळी ऑफिसातून उशीर झाला तर भावाला स्टेशनवर पाठवा, कोर्ट सोडायला सांगू नका. आणि आपल्या वस्तीत जो कोणी वकील झाला आहे, त्याने दरवर्षी निदान एका मुलाला किंवा मुलीला आपल्या टेबलाजवळ खुर्ची द्यावी. कमरुद्दीनसारखा थोरला भाऊ प्रत्येक घरात नसतो, पण मोहल्ल्यात एखादा असू शकतो.