सुतळीनं मोजलेला समुद्र

शिंदखेड्याहून आठवीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. पुस्तकात भारताचा किनारा 7,516 किलोमीटर, बातमीत 11,098. मधले साडेतीन हजार किलोमीटर आले कुठून? समुद्र न दिसणाऱ्या गावातून हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण उत्तर तिच्या गावातच सापडतं.

बुराई नदीवर जा. मोजणीची तेहतीस फुटी साखळी टाकत काठ मोजा, मग तोच काठ हातभर सुतळीनं. साखळी ज्या घळी आणि गुरांच्या पायवाटांचे खळगे ओलांडून सरळ गेली, त्यांत सुतळी उतरते. काठ लांबतो. मुंगी तर ढेकळागणिक वळसा मोजेल! काठच्या शेताचे गुंठे मात्र जवळजवळ तेवढेच राहतात.

किनाऱ्याचं हेच झालं. 1970च्या दशकातला आकडा 45 लाखांस एक प्रमाणाच्या नकाशावरचा. तिथे एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. दाभोळच्या खाडीचं मुख पेन्सिलच्या रेघेखाली झाकलं जाई. नवी मोजणी अडीच लाखांस एक प्रमाणावर झाली. महाराष्ट्राचा किनारा 652 वरून 877 किलोमीटरवर गेला आणि सुंदरबनच्या खाड्या उलगडल्यावर बंगालचा 157 वरून 721 वर. ‘देशाचा किनारा वाढला’ हे मथळे म्हणूनच मला खटकतात.

हे कोडं ल्युईस फ्राय रिचर्डसननं हेरलं, आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही याची मला चुटपुट लागते. हा क्वेकर पंथाचा शांततावादी माणूस. पहिल्या महायुद्धात त्यानं रुग्णवाहिका चालवली. पुढे ब्रिटिश हवामान खातं हवाई दल सांभाळणाऱ्या हवाई मंत्रालयाकडे गेलं, तेव्हा 1920 मध्ये नोकरी सोडली. युद्धं का होतात याचं गणित मांडताना त्याला देशांच्या सीमांची लांबी हवी होती. स्पेन-पोर्तुगालची एकच सीमा एका ठिकाणी 987 किलोमीटर, दुसरीकडे 1,214! दुसरा कुणी छपाईची चूक म्हणून पुढे गेला असता. यानं नकाशांवर कर्कटक चालवलं : पाऊल आखूड केलं की लांबी वाढे, आणि ठरावीक नियमानं वाढे. तो 1953 मध्ये गेला. हे काम छापून आलं 1961 मध्ये. गणितज्ञ मँडेलब्रॉटनं किनाऱ्याच्या लांबीवरच्या 1967च्या गाजलेल्या लेखात त्याचा उल्लेख केला, पण कीर्ती मँडेलब्रॉटच्या वाट्याला आली.

पत्र लिहिणाऱ्या मुलीनं बुराईचा काठ मोजला, तर दोन्ही आकडे मला जरूर कळवावेत. सोबत सुतळी किती लांब होती तेही.