रविवारी कोण आले नाही?

परवा सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर पायरीवर तिघे बसलेले. दोन वयस्क बाया आणि त्यांच्यामध्ये मान खाली घातलेला, चाळिशीतला एक खलाशी. साळावचा पूल ओलांडून सकाळच्या एस.टी.ने ते रेवदंड्याला आले होते. त्याला मी ओळखले. चार महिन्यांपूर्वी क्षयरोगाचे निदान झाल्यावर मीच त्याला सरकारी आरोग्य केंद्रात औषधांसाठी पाठवले होते.

"डॉक्टर, ह्याने गोळ्या सोडल्यात," थोरल्या मावशी म्हणाल्या. "दोन रविवार मिस्साला दिसला नाही. घरी जाऊन बघतो तर हा अंथरुणावर. ताप, खोकला, सगळं परत सुरू."

मी मनातून वरमलो. त्याचे नाव माझ्या वहीत होते, पण तो बरेच दिवस फिरकला नाही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ते चर्चमधल्या दोन बायांच्या ध्यानात आले. आजचा लेख त्याविषयीच आहे.

गोळ्या का सुटतात?

फुफ्फुसाच्या साध्या क्षयरोगावर सहा महिने औषध घ्यावे लागते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सुरुवातीच्या काही आठवड्यांतच बहुतेक जंतू मरतात. खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते. रोग्याला वाटते, झालो बरा. पण सुस्त पडून राहिलेले थोडे जंतू अजून जिवंत असतात. औषध थांबले की ते पुन्हा वाढतात. औषध कधी घेतले, कधी नाही असे झाले तर काही जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. मग उपचार अधिक कठीण होतो आणि घरच्यांनाही तोच चिवट जंतू लागण्याची भीती असते.

गोळ्या सुटण्याची कारणे मात्र साधी असतात. कोणाला मळमळते. कोणी लघवी नारिंगी झालेली पाहून घाबरतो (तो औषधाचा रंग असतो, त्याने अपाय होत नाही). कोणी मासेमारीला बोटीवर जातो आणि गोळ्या घरी राहतात. सर्वांत मोठे कारण म्हणजे लाज. आमच्या खलाशाला मळमळ होती आणि शेजाऱ्यांना कळेल ही भीती होती. डॉक्टरला त्याने यातले काही सांगितले नाही. मावशींना सगळे सांगितले.

ही रीत जुनीच

आजाऱ्याच्या घरी जाणे ही ख्रिस्ती समाजातली जुनी रीत आहे. १४९८ साली लिस्बनला ‘मिझेरिकॉर्दिया’ ही सामान्य भाविकांची बंधुसंस्था सुरू झाली. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची विचारपूस, बेवारस प्रेताला मूठमाती ही तिची कामे. पोर्तुगीज अमलात ती गोव्यात होती, तशी आपल्या चौललाही होती. पुढे १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी स्थापन केली. तिचे सभासद जोडीने गरिबांच्या घरी जातात आणि नंतरच्या सभेत काय पाहिले ते सांगतात. रायगड जिल्हा ज्या मुंबई धर्मप्रांतात येतो, तिथल्या अनेक चर्चमध्ये या सोसायटीचे काम चालते.

वैद्यकाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट म्हणजे दर आठवड्याची हजेरी. दवाखान्यात रोगी आला तरच दिसतो. आठवड्याला जमणाऱ्या मंडळीत मात्र न आलेला माणूसही दिसतो. कोणाचा बाक रिकामा आहे हे सर्वांना ठाऊक असते. रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी मध्येच सोडणारा, बाळंतपणानंतर गप्प गप्प झालेली सून, एकटे राहणारे आजोबा ही सगळी माणसे आधी अशीच गळतात.

हे काम कसे करावे?

१. वाडीप्रमाणे दहा-पंधरा घरे एकेका जोडीकडे द्यावी. दोघांनी जावे, एकट्याने जाऊ नये.

२. रोगाचे नाव विचारू नये. "जेवलात का? औषध शिल्लक आहे का? दवाखान्यात कोणाबरोबर जाता?" एवढे पुरे.

३. घरात कळलेली गोष्ट चर्चच्या दारात बोलू नये. नाव घेऊन प्रार्थना करायची तर आधी त्या माणसाची परवानगी घ्यावी. एकदा बोभाटा झाला की पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

४. आपण औषध देऊ नये, बदलू नये, बंद करू नये. सारखी उलटी होत असेल किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे यांत भेट आटोपून १०८ ला फोन करावा.

५. क्षयरोग्याकडे जाताना पडवीत किंवा उघड्या खिडकीपाशी बसावे, त्याने खोकताना तोंडावर रुमाल धरावा. हा रोग हवेतून पसरतो. ताटवाटी किंवा हात लावल्याने नाही. रोज औषध घेणाऱ्यापासून लागण होण्याचा धोका झपाट्याने कमी होतो.

६. २०२२ साली सुरू झालेल्या ‘नि-क्षय मित्र’ योजनेत व्यक्ती किंवा संस्था नाव नोंदवून, रोग्याच्या संमतीने, त्याला पोषक आहार देऊ शकते. चर्चच्या मंडळीने आरोग्य केंद्रात जाऊन चौकशी करावी.

हे फक्त चर्चपुरते नाही. आपल्या रेवदंड्यात श्रीबैठकीला नेमाने जाणारे आहेत, शुक्रवारी मशिदीत जमणारे आहेत, बेने इस्राएलांचे सिनेगॉगही आहे. जिथे नेमाने माणसे जमतात, तिथे हे काम होऊ शकते.

आमच्या खलाशाचा बेडका पुन्हा तपासायला दिला. जंतू औषधाला दाद देतात असा अहवाल आला. दैवाने वाचला. आता तो जेवल्यावर गोळ्या घेतो, मळमळ कमी आहे, आणि रोज संध्याकाळी मावशी त्याच्या दारावरून जाताना हाक मारतात. "घेतल्या का रे?" एवढेच विचारतात.

वाचकहो, येत्या रविवारी, किंवा तुमच्या बैठकीच्या वारी, घरी परतण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. कोण आले नाही? वाटेत त्यांच्या घरी डोकावून या.