शाळेत प्रवेश आणि वर्गात स्थान

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. या नोंदीने परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत प्रवेश मिळाला. पण बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तर शिपायाची वाट पाहावी लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. म्हणजे प्रवेश होता, पण वर्गात स्थान नव्हते. आजच्या खाजगी विनाअनुदानित शाळांकडे पाहताना हा फरक समाजबांधवांनी आणि विद्यार्थ्यांनी ध्यानात घेतला पाहिजे.

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवावयाचे. ४० मुलांचा वर्ग असेल तर त्यातील १० जागा अशा मुलांच्या. त्यांच्या शिक्षणाच्या खर्चाचा ठरावीक परतावा शासन शाळेला देते. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरवली.

आपल्या राज्यात ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलण्यात आला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जबाबदारीतून सूट देण्यात आली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. जागरूक राहिले नाही तर मिळालेला हक्क एका अधिसूचनेने जाऊ शकतो, हा धडा यातून घ्यावयाचा.

प्रवेशानंतरचा प्रश्न

सोडतीत नाव लागले, कागदपत्रांची पडताळणी झाली, मूल शाळेत गेले. येथपर्यंत कायदा हात धरतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

आपल्या खानदेशात घरची भाषा एक नाही. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा या भागात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यात पावरी. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात एखादे मूल 'मला'ऐवजी 'माले' म्हणाले आणि वर्ग हसला, तर ते मूल दुसऱ्या दिवसापासून गप्प बसते. पुढे त्या गप्प बसण्याचीच नोंद 'अभ्यासात मागे' अशी होते. स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहल, वाढदिवसाचे चॉकलेट यांचा खर्च वरून चिकटतो. हजेरी घेताना 'आरटीईची मुले' असा वेगळा उल्लेख झाला की गोणपाट दिसत नाही, पण ते अंथरलेले असते. कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींना मनाई आहे, हे प्रत्येक पालकाला ठाऊक असावे.

उपालीचा आदर्श

अनुरुद्ध, आनंद, भद्दिय आदी शाक्य तरुण प्रव्रज्येसाठी भगवंतांकडे गेले, तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. शाक्यांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे तो ज्येष्ठ ठरेल, आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अभिमान गळून पडेल. हाच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला आणि पहिल्या संगीतीत विनय त्यानेच सांगितला.

या प्रसंगात बदलावे लागले ते आधीपासून मान असलेल्यांना. शाळेलाही हेच लागू आहे. नवीन आलेल्या दहा मुलांनी आपली भाषा आणि घर लपवावे अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा, शाळेने बाकावर जोड्या बदलून बसवावे, एखाद्या तासाला अहिराणी-पावरीतील गोष्ट सांगू द्यावी, पालकसभेत मजूर पालकालाही बोलण्याची संधी द्यावी. त्याला पैसा लागत नाही, आणि उरलेल्या तीस मुलांचेही शिक्षण त्यातच होते.

आपली जबाबदारी

१) अर्ज सुरू होण्यापूर्वी जातीचा दाखला, जन्माचा व रहिवासाचा पुरावा तयार ठेवावा. वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी विहारात बसून मजूर कुटुंबांचे अर्ज भरून द्यावेत.

२) अनुसूचित जातीच्या मुलांना या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे आपल्यातील पगारदारांची मुलेही अर्ज करू शकतात, आणि करतात. कायद्याने त्यात काही गैर नाही. पण जागा मोजक्या आहेत. बँकेत, कचेरीत, शाळेत नोकरी करणाऱ्यांनी फी भरण्याची ऐपत असताना ही जागा हमालाच्या, विटभट्टी कामगाराच्या मुलासाठी सोडावी. हे लिहिणारा स्वतः बँकेतील कारकून आहे, म्हणून हे आधी स्वतःला उद्देशून आहे.

३) मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला फी एकदम उभी राहते आणि ऐन वयात शाळा बदलावी लागते. मूल पहिलीत जाताच दरमहा ५०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली, तर आठ वर्षांत ४८,००० रुपये मुद्दल जमते, व्याज वेगळे. ज्यांना हेही शक्य नाही त्यांच्यासाठी मंडळाने निधी उभारावा.

४) १९९३ पासून बौद्ध समाज राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित आहे, आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २५ टक्क्यांचे बंधन नाही. उद्या आपल्या समाजाने शाळा काढली तर या सवलतीच्या आड आपण लपणार का? आपल्या शाळेत भिल्ल, पावरा, पारधी, तडवी मुलांना पहिल्या बाकावर जागा असली पाहिजे. आपण इतरांकडून जे मागतो, ते आपल्या दारात द्यावयास नको काय?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात एखादे मूल मधल्या सुट्टीत एकटे डबा खात असेल, तर उद्या त्याच्याशेजारी जाऊन बसा. तेवढे काम कोणताही कायदा करू शकत नाही. ते तुम्हीच करू शकता.

भवतु सब्ब मंगलम्!