ट्रकच्या पाठीवरचा निरोप



मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागच्या रस्त्याला लागलात, की एखादा तरी मालट्रक तुमच्या पुढे असतोच. त्याच्या पाठीवर काय लिहिले आहे, ते तुम्ही आवडीने वाचत असाल. ‘हम दो, हमारे दो’ ही कुटुंबनियोजनाची घोषणा अशीच ट्रकांच्या पाठीवर बसून देशभर हिंडली. आता समजा, एखाद्या वाहतूक कंपनीने ठरवले, की आपल्या सर्व ट्रकांवर दीर्घकाळ चालणाऱ्या आणि आनुवंशिक रोगांची माहिती लिहायची. त्याने कितपत काम होईल? आधी थोडे गणित करू.

साडेचार सेकंदांची शाळा

निरोगी डोळ्याला एखादे अक्षर त्याच्या उंचीच्या सुमारे 700 पट अंतरावरून ओळखता येते. अक्षर 10 सें.मी. उंच असेल, तर हे अंतर 70 मीटर झाले. ताशी 54 कि.मी. वेगाने जाणारा ट्रक उभ्या माणसापासून सेकंदाला 15 मीटर दूर जातो. 70 भागिले 15, म्हणजे साधारण साडेचार सेकंद! जोडाक्षरे असली तर त्याहूनही कमी. एवढ्या वेळात ‘क्षयरोग बरा होतो’ हे वाचून होईल. पण बरे वाटू लागले तरी औषध मध्येच का सोडायचे नाही, हे काही त्यात बसणार नाही. त्यासाठी माणूसच हवा.

मांडव्याच्या बाया

असा माणूस कोठे शोधायचा? 1970 च्या दशकात मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंतिया यांनी याच मांडवा परिसरात एक प्रयोग केला. सुमारे तीस गावांतील तीस हजार लोकांसाठी त्यांनी गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. क्षय आणि कुष्ठरोग यांची लक्षणे ओळखणे, रोग्याला उपचार मिळवून देणे अशी कामे या बाया करू लागल्या. गावची भाषा आणि गावची भीती त्यांना ठाऊक होती.

ही भीती कशाची? कुष्ठरोग घराण्यात उतरतो, असा समज जगभर होता. नॉर्वेतील हॅन्सन यांनी 1873 मध्ये त्याचे जंतू पाहिले, तरी तो समज लवकर गेला नाही. आज अनेक औषधे एकत्र देऊन हा रोग पूर्ण बरा करता येतो. मात्र लाजेने लपवलेला डाग वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून रोगाविषयी चुकीचा समज हाही एक रोगच म्हणायचा!

विळ्याच्या आकाराच्या पेशी

आता खरोखरच आनुवंशिक असलेला रोग पाहू. सिकलसेल हा रोग आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत विशेष आढळतो. आपल्या तांबड्या रक्तपेशी मऊ, वाटोळ्या असतात व सूक्ष्म केशवाहिन्यांतून वाकून पुढे सरकतात. या रोगात प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात व पेशी विळ्यासारखी ताठ होते. मग रक्त अडते, असह्य वेदना होतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते.

हा फरक 1949 मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्क्षेत्र वापरून दाखवला. या हिमोग्लोबिनच्या एका प्रकारच्या साखळीत सहाव्या जागी ऋणभारित ग्लुटामिक आम्लाऐवजी भाररहित व्हॅलीन असते. भार कमी, म्हणून धनाग्राकडे जाण्याचा वेग कमी. दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या रक्ताचे दोन वेगळे पट्टे दिसतात. असा माणूस वाहक असतो, रोगी नव्हे. बहुधा त्याला काही त्रासही नसतो.

दोन नाणी घ्या

आई व वडील दोघेही वाहक असतील, तर काय होईल? दोन नाणी एकदम उडवा. एक नाणे आईचे, एक वडिलांचे. छाप म्हणजे निरोगी जनुक, काटा म्हणजे सदोष जनुक. शंभर वेळा उडवून मोजा. सुमारे पंचवीस वेळा दोन्ही काटे, म्हणजे रोगी मूल, पन्नास वेळा एक छाप व एक काटा, म्हणजे वाहक, उरलेली निरोगी. प्रत्येक अपत्याच्या वेळी नाणी नव्याने उडतात. पहिली तीन मुले निरोगी झाली, म्हणून चौथे आजारी होणारच असे नाही, आणि होणारच नाही असेही नाही. दोष एकट्या आईचाही नव्हे. काटा दोन्हीकडून यावा लागतो.

या रोगाच्या निर्मूलनासाठी 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 2047 हे तिचे उद्दिष्टवर्ष आहे. तिचा मुख्य आधार आहे रक्ततपासणी आणि लग्नाआधीचा सल्ला.

तेव्हा ट्रकवर काय लिहाल? ‘सिकलसेलपासून सावध’ असे लिहिले, तर लोक रोगाला नव्हे, रोग्याला भितील. ठरलेली लग्ने मोडतील. ‘सिकलसेल स्पर्शाने पसरत नाही’ असे लिहिले, तर रोग्याच्या शेजारी बाकावर कोणी तरी बसेल. अक्षरे थोडीच जास्त, वेळ तोच.

तुम्हीही पाच शब्दांत एक निरोप तयार करा. 10 सें.मी. उंचीच्या अक्षरांत तो लिहून मैदानावर 70 मीटरवरून मित्राला दाखवा. त्याला वाचता आला का, ते पाहा. मग जवळ बोलावून विचारा, वाचून त्याला काय समजले. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.