हाडाचा पत्ता

डायनोसॉरच्या जीवाश्मांचा शोध भूवैज्ञानिक नकाशावर सुरू होतो, कारण हाड टिकायचे तर मृत प्राण्याचे अवशेष गाळाखाली लवकर झाकले जावे लागतात आणि त्या गाळाचा खडक होत असताना भूजलातील खनिजे हाडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत साचावी लागतात. लाव्हारसापासून बनलेल्या खडकात असे सहसा घडत नसल्यामुळे सह्याद्रीच्या कातळात डायनोसॉर शोधणे जवळजवळ व्यर्थ ठरते; मात्र दख्खनच्या याच कातळाच्या कडांना, जबलपूर, चंद्रपूर आणि गुजरातच्या परिसरांत, त्याच्या खालून ‘लमेटा’ या नावाने ओळखले जाणारे चुनखडीयुक्त गाळाचे थर उघडे पडलेले आहेत. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे 7 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वी, हे थर साचले.

योग्य थर सापडला तरी त्यातील हाड नेमके कोठे आहे हे खात्रीने सांगणारे यंत्र नाही, त्यामुळे शोधाची मुख्य पद्धत आजही पायी हिंडण्याचीच आहे. पावसाने धुपलेल्या ओघळींत हाडाचे तुकडे दिसतात. त्यांचा आतला जाळीदार पोत साध्या दगडापासून त्यांना वेगळा पाडतो, आणि ते उतारावरून घरंगळत आलेले असल्यामुळे त्यांच्या मागाने वर चढत गेल्यास मूळ थर गाठता येतो.

खोदकामाला हात घालण्यापूर्वी जागेवर दोऱ्यांनी चौकोन आखले जातात आणि प्रत्येक हाडाचे स्थान, दिशा व कल नकाशात नोंदवला जातो. हे काम कंटाळवाणे असले तरी सर्व टप्प्यांत तेच निर्णायक मानावे लागते. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली यांनी 1917 ते 1919 या काळात विपुल हाडे मिळवली, परंतु अनेक प्राण्यांची हाडे तेथे एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे 1933 मध्ये फ्रीडरिख फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी सुट्या मणक्यांवरून ठरवलेल्या मांसाहारी डायनोसॉरांच्या कित्येक जाती आज संशयास्पद समजल्या जातात. याउलट गुजरातमधील रैयोली येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी 1982 ते 1984 मध्ये हाडे गोळा करताना जागेचे तपशीलवार नकाशेही केले होते, आणि त्या नकाशांच्या आधारे कवटीचा भाग व कमरेची हाडे एकाच प्राण्याची आहेत हे दाखवता आल्यामुळे 2003 मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ ही जाती निश्चित झाली.

नोंद झाल्यावर हाड पूर्ण उघडे न करता भोवतालच्या खडकासह सुटे केले जाते. तडकलेल्या भागांत ॲसिटोनमध्ये विरघळवलेली पातळ राळ मुरवतात, त्यावर ओला कागद बसवतात, म्हणजे प्लास्टर हाडाला चिकटत नाही, आणि मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात. वरची बाजू कडक झाली की ठोकळा खालून कापून उलटवतात आणि उरलेली बाजूही तशीच बांधतात. अमेरिकेतील मोंटाना प्रांतात 1876 मध्ये एडवर्ड कोप यांच्या मोहिमेत हेच काम चार्ल्स स्टर्नबर्ग यांनी शिजवून लगदा केलेल्या तांदळाने भागवले होते.

ठोकळा प्रयोगशाळेत पोहोचल्यावरचे काम मात्र फार संथ असते. सूक्ष्मदर्शकाखाली सुया आणि हवेच्या दाबावर चालणारी पेनाएवढी छिन्नी वापरून खडक कणाकणाने दूर करावा लागतो. खडक चुनखडीचा असल्यास सौम्य आम्लाने तो विरघळवता येतो, पण हाडालाही आम्लाची झळ पोहोचत असल्यामुळे उघडा पडलेला भाग दर वेळी धुऊन, सुकवून, राळेने सुरक्षित करावा लागतो. या खटाटोपाचे मोल गुजरातमधील धोली डुंगरी येथील नमुन्यात दिसते. धनंजय मोहबे यांना तेथे डायनोसॉरची अंडी आणि बारीक हाडे एका ठोकळ्यात मिळाली आणि 1987 मध्ये ती हाडे पिलांची म्हणून नोंदवली गेली. पुढे 2001 मध्ये जेफ्री विल्सन यांना त्यांत सापाचे मणके ओळखू आले आणि ठोकळा काळजीपूर्वक साफ केल्यावर फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे 3.5 मीटर लांबीचा साप व शेजारी पिलू असे दृश्य स्पष्ट झाले. ‘सनाजे इंडिकस’ या नावाने तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला.

साफ केलेल्या नमुन्याला क्रमांक आणि निश्चित जागा लागते, अन्यथा तो संग्रहातच हरवतो. 1828 मध्ये विल्यम स्लीमन यांना जबलपूरला मिळालेल्या आणि 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलेल्या मणक्यांची हीच गत झाली. दीर्घकाळ बेपत्ता असलेल्या त्या मणक्यांपैकी एक 2012 मध्ये कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा हाती लागला.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे हाडांबरोबर विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठाही, विपुल मिळते. ती रसायनांत विरघळवून वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आदींनी तिच्यातून वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले, आणि त्यांत गवताच्या अनेक गटांचे कण असल्याचे 2005 मध्ये जाहीर केले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतेच, ही तोवरची सर्वसाधारण समजूत त्यामुळे मोडली. ही विष्ठा टायटनोसॉर गटातील शाकाहारी डायनोसॉरांची मानली जाते, ती मुख्यतः त्यांची हाडे त्याच थरांत सापडतात म्हणून.