मान धरण्याआधी बाळाला पालथे घालावे का?

‘डॉक्टर, अजून मान धरली नाही, मग पालथे कसे घालायचे?’ लस टोचायला आलेल्या आया हा प्रश्न मला नेहमी विचारतात. खरे तर बाळ पालथे पडून डोके उचलायची धडपड करते, म्हणूनच मान, खांदे आणि पाठीचे स्नायू बळकट होतात. सतत उताणे राहणाऱ्या बाळाचे डोके मागून चपटेही होऊ शकते. त्यावर राईची उशी हा उपाय नव्हे. झोपेत तान्ह्या बाळाला उशी धोक्याचीच.

आपल्याकडे आजी पाय पसरून बसते, बाळाला पायांवर पालथे घेऊन पाठ चोळते. तो हाच व्यायाम, पण तेवढाच पुरत नाही.

पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ घरी आल्यापासूनच सुरुवात करावी. आईने मागे रेलून बाळाला छातीवर पालथे घ्यावे. आईचे तोंड पाहायला ते मान उचलू लागते. नंतर जमिनीवर सतरंजी अंथरावी. मऊ गादी नको, नाक रुतते. दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटे पुरे. पुढे वाढवत न्यावे. दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. पाजल्यावर लगेच मात्र नको, दूध बाहेर येईल.

बहुतेक बाळे सुरुवातीला रडतात. त्याची कोपरे खांद्यांखाली आणा, छातीखाली पंचाची लहानशी गुंडाळी ठेवा आणि समोर स्वतः पालथे पडून बोला. (हे काम आजोबांना आवडते!) तरीही रडले तर उचलून घ्या, संध्याकाळी पुन्हा पाहा. हट्टाने रडवत ठेवू नये.

हे सारे बाळ जागे असताना आणि मोठे माणूस शेजारी असतानाच. दूध उतू चालले म्हणून स्वयंपाकघरात धावायचे असेल, तर आधी बाळाला उताणे करा. डुलकी लागली तरीही उताणेच. पालथ्या झोपेत तान्ह्या बाळाचा अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत १९९४ साली उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली, त्यानंतरच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. छातीवर बाळ असताना आईलाही डुलकी लागता कामा नये.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. चार महिने पूर्ण होऊनही मान स्थिर नसेल, किंवा डोके सदैव एकाच बाजूला वळत असेल, तर वाट न पाहता दाखवावे.