व्यसनमुक्ती : केंद्रात की घरी राहून?

घरातील तरुण मुलगा गर्दच्या आहारी गेल्याचे उघडकीस आले, की वडीलधाऱ्यांच्या मुखातून पहिला उद्गार निघतो तो ‘याला कोठे तरी ठेवा’ असा. या उद्गारात उपचाराची आस असते, तशीच काही दिवस ही लाज शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीआड करण्याची इच्छाही असते. दुसरीविषयी सहसा कोणी बोलत नाही.

१९८० नंतर मुंबई-पुण्यात गर्दचा शिरकाव झाला. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, तेव्हापासून व्यसनमुक्ती म्हणजे केंद्रातील वास्तव्य हे समीकरण मराठी मनात रुजले. वस्तुतः केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा आणि कुटुंबीयांचा सहभाग यांवर त्या संस्थेचा भर राहिला आहे. समाजाने मात्र तेवढे वास्तव्यच लक्षात ठेवले.

नुसत्या वास्तव्याने काय साधते, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. १९३५ साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे व्यसनाधीनांसाठी सरकारने विस्तीर्ण रुग्णालय उघडले. तेथून न्यूयॉर्कला परतलेल्यांची पुढे पाहणी झाली, तेव्हा दहांपैकी सुमारे नऊ जण पुन्हा अफूजन्य पदार्थांकडे वळल्याचे आढळले. याउलट, व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या अधीन झालेल्या सैनिकांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेल्यांचे प्रमाण अवघे पाच टक्क्यांच्या आसपास होते, असे ली रॉबिन्स यांच्या संशोधनात दिसून आले. लेक्सिंग्टनचा रुग्ण जुन्याच गल्लीत, जुन्याच मित्रांत परतत होता. सैनिकाची ती जागा मात्र समुद्रापार राहिली होती. दोन्ही गटांत इतरही भेद होते, हे खरे. पण रुग्ण कोठे परतणार, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही.

आणखी एक धोका नातेवाइकांना क्वचितच सांगितला जातो. महिनाभर गर्द न ओढलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते. अशा वेळी जुन्याच मात्रेने घेतलेला एक झुरका वा एक सुई प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच अफूजन्य व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन वा मेथाडोन यांसारखे औषध वैद्यकीय देखरेखीखाली दीर्घकाळ देण्याची पद्धती जगभर रूढ झाली. ‘एका नशेच्या जागी दुसरी’ ही तिच्यावरील टीका आपल्याकडे अजूनही ऐकू येते. परंतु या औषधाने मृत्यू टळतात आणि रुग्ण कामावर जाऊ शकतो, यापुढे त्या टीकेत फारसे तथ्य उरत नाही.

म्हणून निवासी उपचार अनावश्यक, असे कोणी समजू नये. वर्षानुवर्षे भरपूर मद्य पिणाऱ्याने ते एकाएकी सोडल्यास झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. त्याला घरात कोंडून ठेवणे हा शुद्ध अविचार होय. ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार घोळतात, ज्याला घरच उरलेले नाही किंवा ज्याच्या घरातच दुसरा पिणारा आहे, त्यानेही केंद्रातच राहावे. पण ज्याची पत्नी वा आई पाठीशी उभी आहे, प्रकृती बरी आहे आणि हाताला काम आहे, त्याला महिनाभर बाहेर काढणे म्हणजे अनेकदा ते कामच हिरावून घेणे ठरते. भाड्याची रिक्षा चालविणाऱ्याची रिक्षा मालक दुसऱ्या दिवशीच अन्य कोणाच्या स्वाधीन करतो. बरा होऊन परतलेल्या या माणसाच्या हाती मोकळा वेळ तेवढा राहतो.

अशा माणसासाठी घरी राहून उपचार हा मार्ग कागदोपत्री खुला आहे. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळीच चालतात आणि त्याच वेळी मजूर नाक्यावर काम शोधत उभा असतो. आठवड्यातून दोन दिवस तरी हे विभाग सायंकाळी उघडे ठेवण्यास नवी इमारत लागणार नाही. एक डॉक्टर, एक समुपदेशक आणि औषधांच्या कपाटाची किल्ली एवढ्यावर ते भागेल.